चिंचमाळ : चढणारे चार

पौष लागला की आक्काचा निरोप येतो. एसटीच्या कंडक्टरबरोबर, नाहीतर बाजाराला आलेल्या कुणाबरोबर. शब्द ठरलेले असतात : "गुळभेंडी भरलीय, बापूला म्हनावं येऊन जा." गेली अकरा वर्षं हा निरोप येतो आहे आणि त्यांतली सात वर्षं मी गेलो नाही. दोनदा परीक्षेचं काम होतं, एकदा ताप, एकदा थोरलीला बघायला मंडळी येणार होती. उरलेल्या तीन वेळी काहीही कारण नव्हतं. नसलेल्या कारणांचाही हिशेब माझ्याकडे असतो. तो ठेवायची सवय मोडत नाही.

गुळभेंडी म्हणजे हुरड्याची ज्वारी. हुरड्याचे दिवस आले की लोकांना शेकोटी आठवते, गूळ आठवतो, तिळाची चटणी आठवते. मला आगगाडीच्या डब्याची फळी आठवते. लाकडी फळी, दोन बोटं रुंद फट पडलेली, आणि त्या फटीतून खाली पळणारी खडी. एकाहत्तर-बाहत्तरचा तो हिवाळा. लढाई नुकतीच संपली होती, स्टेशनातल्या दिव्यांना गुंडाळलेले काळे कागद अजून पुरते निघाले नव्हते. मी राहुरीत राहत होतो आणि नगरच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत. महिन्याचा पास, ठरलेला डबा, ठरलेली खिडकी. खिडकी फलाटाच्या बाजूची. ही गोष्ट मुद्दाम सांगून ठेवतो.

त्या गाडीचे डबे म्हणजे मोठ्या मार्गांवर म्हातारे झालेले डबे. तिकडे नवी गाडी आली की जुनी आमच्याकडे यायची, जशी थोरल्याची चड्डी धाकट्याकडे येते. सात डबे. गेरूसारखा रंग, तोही उडालेला. लाकडी झडपा. एकदा खाली आली तर वर जायची नाही आणि वर असली तर पावसातही खाली यायची नाही. पाठ टेकली की ढेकूण. दारांच्या कड्या कधीच्या गेलेल्या, तिथे काथ्याची दोरी. आमच्या पासवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष, कोर्टातले बेलीफ गंगाधरराव, दर सोमवारी म्हणायचे, "मास्तर, या गाडीवर जप्ती आणायला मी तयार आहे. पण घेऊन जाऊ काय? सगळं आधीच निखळलंय!"

एका श्रावणात एका म्हाताऱ्याचा पाय फळीतून घोट्यापर्यंत खाली गेला. गाडी अजून सुटायची होती म्हणून वाचला. त्या दिवशी आम्ही पासवाल्यांनी ठरवलं, की अर्ज करायचा. नवे लोखंडी डबे द्या, आणि गाडी रोज उशिरा येते ती वेळेवर आणा. गंगाधरराव म्हणाले, "नुसत्या रडगाण्याला कोण विचारतो? आकडे जोडा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं. ते लपवून उपयोग नाही.

मी आकडे जमवले. तीस दिवस. कोणत्या डब्यात किती झडपा चालत नाहीत, किती दिवे पेटत नाहीत, कोणत्या दिवशी गाडी किती मिनिटं उशिरा. पोरांच्या वह्या तपासाव्यात तसे डबे तपासले. एका मिनिटाचीही भर घातली नाही. एक दिवस गाडी वेळेवर आली, तोही दिवस लिहिला. लोक हसले. "अहो, तेवढा सोडा की," म्हणाले. मी सोडला नाही. खरा कागद उभा राहतो, असं मी त्यांना ऐकवलं.

कच्चा अर्ज वर धाडला, तो बघायला तिकडून एक साहेब आले. शांत माणूस. त्यांनी मला एक छापील तक्ता दिला. नवे डबे येणार आहेत, पण जिथला दावा पक्का तिथेच आधी मिळतील, तेव्हा कोणत्या स्टेशनावर किती माणसं चढतात तेही भरून द्या, म्हणाले. स्टेशनाचं नाव, फलाटावरून चढणारे, फलाटावर उतरणारे. तीन रकाने. मोठ्या स्टेशनांचं ठीक होतं, तिथे तिकिटं फाटतात. पण मधल्या चिंचमाळ हॉल्टवर तिकीटघरच नव्हतं. तिथे चढणारा नगरला उतरल्यावर फाटकापाशी तिकीट घ्यायचा. म्हणजे चिंचमाळच्या नावावर मी मोजेन त्याशिवाय दुसरा आकडाच नव्हता.

आक्का चिंचमाळची. माझी थोरली बहीण. नवरा लवकर गेला, पदरी एकच पोर, वत्सला. चार एकर कोरडवाहू आणि दोन म्हशी. दूध घेऊन रोज याच गाडीनं नगरला यायची, एका हॉटेलात घालायची. वत्सला तिच्याबरोबर. ती नगरच्या कन्याशाळेत अकरावीला होती, म्हणजे मॅट्रिकला. चिंचमाळातून मॅट्रिकपर्यंत गेलेली पहिली मुलगी. गाडीत माझ्यासमोर बसायची आणि नगर येईपर्यंत तिची गणितं चालायची. माझ्या वर्गात पन्नास पोरं होती, पण समोरचा माणूस चुकला तर थांबवणारी एवढीच.

चिंचमाळला दोन फलाट होते. एक खरा, मुरमाचा, वीतभर उंचीचा, पाटी लावलेला. दुसरा गावानं केलेला. रूळ टाकताना निघालेले दगड पलीकडच्या अंगाला, गावाच्या बाजूला, ढीग घालून ठेवले होते. कुणा शहाण्यानं ते रचून बांध केला. त्याची उंची बरोबर डब्याच्या तळाएवढी. डोक्यावरची पाटी वाकून खाली घ्यायला नको, वर कुणाला देऊन ओढायला नको. बाई बांधावर उभी राहायची, गाडी थांबली की एक पाय डब्यात, पाटी डोक्यावरून सरळ फळीवर. मुरमाच्या फलाटावरून दुधाची किटली डब्यात चढवायची तर दोन माणसं लागत. म्हणून किटल्या, भाजीच्या पाट्या, पेरू, बोरं, हिरवा हरभरा, पौषात हुरड्याची कणसं, आणि त्या सगळ्याबरोबर बाया, त्या बांधावरून चढायच्या. दारांना कड्या नव्हत्याच. दोरी आतून कुणीही सोडायचं.

फलाटावरून कोण चढायचं? तलाठ्याचा कारकून, शाळेचे गुरुजी, एखादा पाहुणा, एखादा कोर्टाची तारीख असलेला. चार. कधी तीन, कधी पाच. सरासरी चार.

आणि बांधावरून? मी एका गुरुवारी मोजलं होतं. तेवीस. माझ्या खासगी वहीत लिहिलंही होतं.

गार्ड मोठा बोलका होता. हिरवं निशाण काखेत धरून तो मागच्या डब्यातून ओरडायचा, "ए आक्का, चढतेस का म्हशीला बी घेऊन येतेस?"

आक्का किटली सरकवीत म्हणायची, "म्हस तुज्यापरीस येळंवर येती रे बाबा!"

"उलट्या बाजूनं चढू नका म्हणून कागद आलाय वरून. दंड हाय दंड!"

"कागदाला म्हनावं, तू उचल किटली."

सगळा डबा हसायचा. मीही हसायचो. पण कागद खरंच आला होता. स्टेशनात लावला होता, मी वाचला होता. उलट्या बाजूनं चढणं गुन्हा. आणि माझ्यासमोर तक्ता होता : फलाटावरून चढणारे.

मी विचार केला नाही असं नाही. दोन रात्री केला. तेवीस लिहावेत तर ते खोटं ठरतं, कारण फलाटावरून तेवीस चढत नाहीत. शेरा लिहावा, की बाकीचे बांधावरून चढतात, तर मी माझ्या बहिणीचा गुन्हा माझ्या हातानं सरकारी कागदावर लिहून देतो. उद्या पकडायला माणूस उभा राहिला तर? गप्प राहिलो तर त्यांचं चालू आहे ते चालू राहील. मी त्यांना वाचवतो आहे, असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. माणूस स्वतःची सोय आणि दुसऱ्याचं भलं एकाच ओळीत लिहायला लागला की त्याची बेरीज नेहमी बरोबर येते.

पक्का अर्ज वत्सलानं लिहिला. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. नगरच्या बाहेर सिग्नलपाशी गाडी रोज दहा-पंधरा मिनिटं खोळंबायची. गाडी हलत असताना लिहिता यायचं नाही, म्हणून ती त्या खोळंब्यात लिहायची. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. पाच दिवसांत अर्ज झाला. पाचव्या दिवशी तक्त्याची पाळी आली. तिनं चिंचमाळचं नाव लिहिलं आणि बॉलपेन उचलून धरलं.

"मामा, हितं किती?"

"चार."

"चार कसं? आमीच किती जनी हाओत."

"तुम्ही फलाटावरून चढत नाही."

"पर चढतो तर खरं!"

"रकाना फलाटाचा आहे, वत्सला. दुसरा रकाना नाही."

तिनं रकाने पाहिले. मग आक्काकडे पाहिलं. आक्का दाराशी किटलीवर हात ठेवून बसली होती, तिचं लक्ष नव्हतं. वत्सला म्हणाली, "मग खाली एक ओळ लिवू का? बाकीच्या पलीकडून म्हनून?"

"लिहिलंस तर तुम्हालाच दंड होईल. तुझ्या भल्याचंच सांगतोय."

तिनं चार लिहिला. सुरेख, भरदार, वळणदार चार. त्याची कार्बनची प्रत माझ्याकडे आहे. निळा रंग आता फिका झाला आहे, पण चार अजून वाचता येतो.

पौषात नवे डबे आले. मद्रासकडून आलेले, लोखंडी, विटकरी रंगाचे. दिवे पेटणारे, पंखे फिरणारे, झडपा बोटानं वरखाली होणाऱ्या. नगरच्या फलाटावर गंगाधररावांनी मला हार घातला, पेढे वाटले. "मास्तर, तुमच्या आकड्यांनी डबे ओढून आणले, इंजिनानं नाही!" म्हणाले. हार झेंडूचा होता. मी तो शाळेत नेला, टेबलावर ठेवला आणि दिवसभर त्याचा वास येत राहिला.

नव्या डब्यांबरोबर नवं वेळापत्रक आलं. आम्ही वेळ मागितली होती, वेळ मिळाली. गाडी बारा मिनिटं आधी नगरला पोचू लागली. त्या बारा मिनिटांत चिंचमाळ होतं. चार माणसांसाठी गाडी उभी करणं परवडत नाही, म्हणून हॉल्ट बंद.

पहिल्या दिवशी मी माझ्या खिडकीत होतो. नवी खिडकी, तीच बाजू. चिंचमाळ आलं तशी गाडीनं शिटी दिली आणि वेग तसाच ठेवला. मुरमाच्या फलाटावर कुणी नव्हतं. नोटीस फलाटावरच्या पाटीला चिकटवलेली होती, त्या चौघांनी ती वाचली होती; बांधाकडे कुणी लावली नव्हती. मी उठून पलीकडच्या दाराशी गेलो. दार आतून घट्ट लावलेलं होतं, कडी नवी कोरी. काचेतून पाहिलं. बांधावर सगळ्या उभ्या होत्या. डोक्यावर हुरड्याच्या पाट्या, किटल्या पायाशी. कुणी हात केला नाही, कुणी ओरडलं नाही. गाडी थांबणार नाही हे त्यांना अजून कळलेलंच नव्हतं. एक पाय पुढे टाकून त्या तशाच उभ्या होत्या, डबा समोर येईल म्हणून. त्यांत वत्सला होती. दप्तर छातीशी धरून. तिनं मला पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी तिला पाहिलं.

त्या दिवशी मी त्यांना मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

आक्का अकरा दिवस पुढच्या स्टेशनापर्यंत चालत गेली. सव्वा कोस, अंधारात, डोक्यावर किटली. वत्सला मागून. नव्या डब्याची पायरी उंच, आणि फलाटावरून किटली वर घ्यायला हात देणारं कुणी नाही. डबा स्वच्छ होता, स्वच्छ डब्यात दूध सांडलं की लोक बोलतात. बाराव्या दिवशी ती आली नाही. हॉटेलवाल्यानं दुसऱ्याचं दूध लावलं. माघात एक म्हैस विकली.

मी चिंचमाळला गेलो, एसटीनं. म्हणालो, "वत्सलाला माझ्याकडे पाठव. मार्चपर्यंत राहील, परीक्षा देईल." बायकोनंही तसंच सांगून धाडलं होतं. आक्का चुलीपुढे बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "तुज्याकडं खोल्या किती बापू?"

"दोन."

"मानसं?"

मी उत्तर द्यायच्या आधी मोजलं. आम्ही दोघं, तीन मुलं, आई. सहा. ती सातवी. किती दिवस, कुठे झोपेल, अभ्यासाला दिवा कुठला. हे सगळं क्षणात झालं. पण आक्का माझी थोरली बहीण. मी मनात मोजतो तेव्हा माझे ओठ हलतात, हे तिला मी पाच वर्षांचा असल्यापासून माहीत आहे.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हिशोब लांबतोय तुजा."

मी तीनदा आग्रह केला. तीनदाच. चौथ्यांदा केला असता तर ती कदाचित हो म्हणाली असती. वत्सला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मार्चमध्ये मॅट्रिकची परीक्षा झाली. माझ्या शाळेत केंद्र होतं आणि मी वर्गात पर्यवेक्षक होतो. वत्सलाच्या नंबरचा बाक रिकामा होता.

मी दुसरा अर्ज केला. एकट्याच्या सहीनं. त्यात तेवीस लिहिले, बांध लिहिला, बाया लिहिल्या, किटल्या लिहिल्या. उत्तर आलं. सभ्य उत्तर होतं. आपणच आपल्या सहीनं पाठवलेल्या तक्त्यात सदर हॉल्टवर चढणारे चार असे नमूद आहे. दोन्हींपैकी कोणता आकडा खरा मानावा, ते कळवावे. मी कळवलं नाही. दोन्ही खरे होते. ते सिद्ध करायला भूमितीत रीत नाही.

गंगाधररावांकडे गेलो. मंडळाच्या नावानं पुन्हा अर्ज करू, म्हणालो. ते खिडकीशी पंख्याखाली बसले होते. "मास्तर, मिळालेलं हातचं जाईल. आणि खरं सांगू? त्या पाट्यांचा वास यायचा हो डब्यात." ते वाईट गृहस्थ नव्हते. त्या म्हाताऱ्याचा पाय फळीतून यांनीच ओढून काढला होता.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. चिंचमाळच्या माळावर खडी फोडायचं काम निघालं. आक्का आणि वत्सला दोघी जायच्या. मी एकदा गेलो होतो. उन्हात पोरगी हातोडा घेऊन बसली होती, डोळ्यांपर्यंत फडकं बांधून. मुकादमाला हजेरी नीट मांडता येत नव्हती म्हणून दुपारी वही तिच्याकडे द्यायचा. मी वही पाहिली. तेच छापल्यासारखं अक्षर. माणसांची नावं, आणि खाली वेगळी रेघ मारून आणखी काही नावं. "ह्या कोण?" मी विचारलं. "पानी वाहत्यात," ती म्हणाली. "मुकादम म्हनतो त्यांचा रकाना न्हाई. मी रेघ मारून घेतला."

माझ्याकडे न बघता म्हणाली. टोमणा मारायची तिला सवय नव्हती.

ती चिंचमाळातच राहिली. आक्कानं घरजावई केला. नवरा चांगला आहे, दोन मुलं आहेत. गावातल्या बाया अजून तिच्याकडून अर्ज लिहून घेतात. जुने डबे कुठे गेले म्हणून मी मध्ये चौकशी केली होती. बरेचसे मोडीत गेले. एक यार्डाच्या कडेला चाकं काढून ठेवला आहे, त्यात रेल्वेचे खलाशी, म्हणजे रुळावरचे मजूर, फावडी ठेवतात आणि कुणीतरी कोंबड्या पाळल्या आहेत. मी आत शिरून पाहिलं. फळीची ती फट आहे. खाली आता खडी पळत नाही, गवत आहे. ते डबे वाईट होते. मी लिहिलेली एकही झडप, एकही दिवा खोटा नव्हता. म्हाताऱ्याचा पाय खरा होता. डबे बदलायलाच हवे होते, आजही मी तेच म्हणेन. कडू वाटतं ते याच्यासाठी, की माझ्या अर्जात खोटं एक अक्षर सापडत नाही. सापडलं असतं तर माफी मागायला जागा होती.

या वर्षी गेलो. निरोप आला त्याच आठवड्यात, एसटीनं, कारण शोधायच्या आत. शेतात आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली, चरचर आवाज, हातावर चोळली की गरम दाणे पाटीत पडत होते. पोत्यांवर सगळे गोल बसलो होतो : जावई, मुलं, शेजारच्या बाया, दोन पाहुणे. पलीकडे, शेताच्या टोकाला, तो बांध अजून आहे. दगड कुणी नेले नाहीत. वत्सलाच्या हातात चटणीचं पातेलं होतं. पळसाच्या पानांचा गठ्ठा माझ्यासमोर टाकून ती म्हणाली, "मामा, जन मोजा आनि पानं मांडा. चटनी वाढते."

मी मोजले. मनात, ओठ न हलवता. "नऊ," म्हणालो आणि नऊ पानं मांडली.

"धा," वत्सला म्हणाली.

"नऊच. मला धरून नऊ."

तिनं हनुवटीनं आगटीकडे दाखवलं. आगटीच्या पलीकडे आक्का उकिडवी बसून कणसं परतत होती. कपाळाला राख, बोटं काळी. सकाळपासून तिथेच होती. आम्ही खात होतो ते सगळं तिनं भाजलेलं होतं.

"भाजनारी ऱ्हायली, मामा."

बाया हसल्या. जावई हसला. मी दहावं पान काढलं, ते मधोमध फाटलेलं निघालं, दुसरं काढलं. आक्कानं वर बघितलं, हातातलं कणीस झटकलं आणि लेकीला म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. धुरात दिसत न्हाई त्याला."

वारा आडवा होता. धूर माझ्या बाजूला नव्हताच.